गहू आधी सुटला, तपासणी नंतर झाली

"टेस्ट निगेटिव्ह आहे, डॉक्टर. पण गहू खाल्ला की मी आडवी होते. मग खरं काय धरायचं, टेस्ट की मी?"

फाइल टेबलावर ठेवता ठेवताच तिने हे विचारलं. वय ३४, बांधा किरकोळ, फाइल मात्र चांगली जाडजूड.

तिची हकीकत थोडक्यात अशी. तीन वर्षांपासून जेवणानंतर पोट ढोलासारखं फुगायचं, दिवसातून तीन-चारदा पातळ शौचाला व्हायचं, तोंड वरचेवर यायचं. थकवा असा की दोन जिने चढल्यावर कठड्याला धरून उभं राहावं लागे. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ५. दोन्ही कमी. लोहाच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले होते. प्रत्येक वेळी हिमोग्लोबिन थोडंसं वर सरकायचं आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा येरे माझ्या मागल्या. पाळीत रक्त जास्त जात असेल, असं प्रत्येकाने धरून चाललं. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं की पाळी तीन दिवसांची आणि बेताची.

मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने गहू सोडला. दहा दिवसांत पोट हलकं झालं, महिनाभरात तोंड येणं थांबलं. पाच महिने असे बरे गेल्यावर तिला वाटलं, आता एकदा खात्री करून घ्यावी. म्हणून तिने स्वतःच लॅबमध्ये जाऊन दोन तपासण्या करून घेतल्या. पहिली टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिॲकची, गव्हामुळे स्वतःच्याच आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, नेहमीची रक्ततपासणी. वरची मर्यादा २०, तिचा आकडा ८. दुसरी होती 'अन्न असहिष्णुते'ची आयजीजी तपासणी, पाच पानांची, रंगीत.

कबूल करतो, टीटीजीचं पान मीही वाचून उलटलं. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, असं म्हणून डोकं पुढच्या शक्यतांकडे वळलंसुद्धा होतं. मला अडवलं ते त्या रंगीत यादीने. अंड्यासमोर लाल ठिपका, दुधासमोर लाल, बदामासमोर लाल, गव्हासमोर पिवळा. ती म्हणाली, "हे सगळं सोडलं तर खाऊ काय?" मी सहज विचारलं, "सध्या काय खाता?"

"भात, मका, बटाटा, भाज्या, अंडी. गहू पाच महिन्यांत तोंडात घातलेला नाही."

मी पान परत उलटलं. आकडा ८ आणि तारीख मागच्या आठवड्याची. म्हणजे रक्त काढलं तेव्हा गहू बंद होऊन पाच महिने झाले होते. भर उन्हाळ्यात छप्पर बघून 'गळत नाही' असा दाखला द्यावा, तसा तो रिपोर्ट होता. लॅबने मोजलं ते बरोबरच होतं. चुकली होती ती वेळ.

रिपोर्ट निगेटिव्ह का आला

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. तशाच जातकुळीची प्रथिनं जवात आणि राय या धान्यात असतात. या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं ठासून भरलेली असल्याने आपल्या पाचकरसांना ती पूर्ण तोडता येत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर प्रयोगशाळेत पाचक विकरांना अजिबात दाद देत नाही. बहुतेकांच्या आतड्यातून असे तुकडे निमूटपणे पुढे जातात. सिलिॲक असलेल्या माणसात ते आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्यांची रासायनिक घडण किंचित बदलतं, आणि बदललेला तुकडा प्रतिकारपेशींच्या एका ठरावीक खोबणीत चपखल बसतो. या खोबणीचं नाव एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८. तिथून लढाई सुरू होते. तिचा मारा गव्हावर न होता स्वतःच्याच आतड्यावर होतो, आणि त्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. टीटीजी तपासणी मोजते ती हीच प्रतिपिंडं. हे विकर म्हणजेच मुख्य लक्ष्य, हे १९९७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं आणि तेव्हापासून रक्ततपासणी खऱ्या अर्थाने भरवशाची झाली.

पण ही प्रतिपिंडं ग्लुटेनच्या जिवावर जगतात. ग्लुटेन बंद झालं की काही आठवड्यांत ती उतरू लागतात आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची पातळी मर्यादेच्या आत येते. अस्तरही हळूहळू भरून येतं. उपचार आणि पुरावा पुसणं या दोन्ही गोष्टी एकाच कृतीने होतात, हा या आजाराचा विचित्रपणा आहे. म्हणून गहू सोडून झालेली तपासणी पॉझिटिव्ह आली तर तिला अर्थ असतो. निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

एक आकडा मात्र तिच्या बाजूने बोलत होता. गव्हाच्या दिवसांत, लोहाच्या गोळ्या खाऊनही, हिमोग्लोबिन ९.४ वर अडकलं होतं. या पाच महिन्यांत तिने लोहाची एकही गोळी घेतली नव्हती आणि हिमोग्लोबिन १०.८ झालं होतं. लोह शोषलं जातं ते प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲकचा पहिला घाव तिथेच बसतो. गोळ्या वाया का गेल्या याचं उत्तर बहुधा यातच होतं. पण 'बहुधा'वर कुणाला जन्मभराचं पथ्य लिहून देता येत नाही.

दोन गोष्टी, ज्या गहू न खाताही तपासता येतात

पहिली, रक्तातलं एकूण आयजीए. टीटीजी-आयजीए ही तपासणी आयजीए जातीची प्रतिपिंडं मोजते. एखाद्याच्या शरीरात मुळातच आयजीए बनत नसेल तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येणार. सिलिॲकच्या रुग्णांत अशी माणसं २ ते ३ टक्के असतात, म्हणजे इतर लोकांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी आयजीजी जातीच्या वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. तिच्या लॅबने एकूण आयजीए केलं नव्हतं आणि पहिल्या दिवशी ते लिहायला मीही विसरलो. दुसऱ्या दिवशी फोन करून परत बोलावलं. आयजीए व्यवस्थित होतं, म्हणून माझी चूक खपून गेली.

दुसरी, एचएलए जनुकांची तपासणी. तुम्ही काय खाता याच्याशी तिचा संबंध नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ यांपैकी काहीच नसेल तर सिलिॲक असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तसा निकाल आला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं आणि तिला पुढचे सहा आठवडे भोगावे लागले नसते. पण तिच्यात डीक्यू२ निघालं.

याचा अर्थ लावताना भले भले घसरतात. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आहेच ना मला?" नाही. ही जनुकं साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि सिलिॲक होतो तो शंभरात एकाच्या आसपास. डीक्यू२ असणं म्हणजे दाराला कुलूप नसणं. त्यावरून चोर आला होता असं सिद्ध होत नाही. निगेटिव्ह आली तर दार बंद, पॉझिटिव्ह आली तर प्रश्न जिथल्या तिथे, अशी ही तपासणी आहे.

"नाव काय द्यायचं यासाठी एवढा खटाटोप?"

आता एकच रस्ता उरला होता. तिला पुन्हा गहू खायला लावायचा, ठरावीक प्रमाणात, ठरावीक काळ. मग रक्त आणि बायॉप्सी, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचे छोटे तुकडे काढून तपासणं. याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात.

तिची प्रतिक्रिया मला पाठ आहे. "ज्याने मी आजारी पडते तेच तुम्ही मला खायला सांगताय. मला बरं वाटतंय. आजाराचं नाव सिलिॲक असो नाहीतर आणखी काही, मी गहू खाणारच नाहीये. मग नाव काय द्यायचं यासाठी एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न बिनतोड होता आणि त्याला घाईने उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. पाऊण तास गेला. मी जे सांगितलं त्यातला गाभा असा.

गव्हाने त्रास होण्याची निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. गव्हाची ॲलर्जी, जिच्यात काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. तिची लक्षणं या साच्यात बसत नव्हती. दुसरं सिलिॲक. आणि तिसरं म्हणजे सिलिॲक नसताना होणारा त्रास, ज्याला ढोबळपणे ग्लुटेन संवेदनशीलता म्हटलं जातं. या तिसऱ्याची खूण पटवणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. बाकीचं वगळून, गहू काढून, पुन्हा देऊन, तोही शक्यतो रुग्णाला न कळता, असा तो शोध घ्यावा लागतो. त्या पाच रंगीत पानांना यात काही स्थान नाही. आयजीजी प्रतिपिंडं म्हणजे त्या पदार्थाशी शरीराची ओळख झाल्याची नोंद. जे नेहमी पोटात जातं ते त्या यादीत वर दिसतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अशा तपासण्यांवरून निदान करू नका असं बजावलं होतं. अंडी ती रोज खात होती आणि अंड्यासमोर लाल ठिपका होता. मी ते दाखवल्यावर ती पहिल्यांदा हसली.

संवेदनशीलता असेल तर पथ्य सैल चालतं. महिन्यातून एखादा घास गेला तर पोट फुगेल, दोन दिवसांत ओसरेल. सिलिॲकमध्ये असा हिशेब नसतो. दिवसाला ५० मिलीग्रॅम ग्लुटेन, म्हणजे ब्रेडचा चुरा म्हणावा इतकं, सलग तीन महिने पोटात गेलं तर अस्तर बिघडू शकतं, हे इटलीतल्या एका चाचणीत दिसलं आहे. 'ग्लुटेनमुक्त' हा शब्द लिहायला आंतरराष्ट्रीय मानकाने घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे. इतकं काटेकोर जगायचं तर ते कशासाठी, याची खात्री मनात हवी. नुसत्या अंदाजावर माणसं वर्षभर पथ्य पाळतात आणि मग लग्नकार्यात, प्रवासात, 'एवढ्याने काय होतंय' म्हणून सोडतात. अशी माणसं मी पाहिली आहेत.

पुढचं म्हणजे हाडं, थायरॉइड, जीवनसत्त्वं. सिलिॲक ठरला तर या सगळ्यावर नजर ठेवावी लागते. आणि सिलिॲक नसेल, तर फेरिटिन ५ कशामुळे झालं होतं हे शोधणं बाकी राहतं. ही बाजू तिच्या ध्यानातच आली नव्हती. बरं वाटतंय म्हणून गहू सोडून गप्प बसायचं आणि रक्तस्रावाचं एखादं दुसरंच कारण आत तसंच राहायचं, असं होऊ शकतं.

शेवटी रक्ताची नाती. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक. तुमचं निदान पक्कं असेल तरच त्यांना तपासायला सांगण्यात अर्थ.

तिने विचार करायला आठवडा घेतला. या काळात तिने एक गोष्ट सांगितली जी पहिल्या भेटीत सांगितली नव्हती: पुढच्या वर्षी मूल हवं होतं. गरोदरपणात चॅलेंज करणं योग्य नाही. म्हणजे आत्ता, नाहीतर बाळंतपणानंतर. आणि उपचार न झालेल्या सिलिॲकचा गर्भधारणेवर परिणाम होऊ शकतो, हेही तिला सांगणं भाग होतं. तिने होकार दिला. नकार दिला असता तर मी जबरदस्ती केली नसती. काही जण नकार देतात, आणि मग सिलिॲक असल्याचं गृहीत धरून कडक पथ्य आणि तशीच देखरेख, हाही एक मार्ग आहे. माझ्या मते तो दुय्यम मार्ग.

सहा आठवडे

किती ग्लुटेन आणि किती दिवस यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. २०१३ सालच्या एका अभ्यासात दिवसाला ३ ग्रॅम ग्लुटेन दोन आठवडे दिल्यावर बहुतेकांच्या अस्तरात बदल दिसले. ब्रिटनमधली मार्गदर्शक सूचना म्हणते, तपासणीआधी निदान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन हवं. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: पहिले चार दिवस ब्रेडची अर्धी स्लाइस, मग एक, दुसऱ्या आठवड्यापासून रोज दोन स्लाइस, दोन जेवणांत वाटून. दोन स्लाइसमधून साधारण तीन-चार ग्रॅम ग्लुटेन जातं. दोन आठवडे हा कमीतकमी टप्पा. तिथपर्यंत सहन झालं तर सहा आठवडे.

तिने वही ठेवली होती. ती माझ्याकडे नंतर बरेच दिवस होती. दुसऱ्या दिवशीची नोंद: 'काही नाही. उगाच घाबरले.' चौथ्या दिवशी: 'संध्याकाळी पोट फुगलं, स्कर्टचं बटण उघडून बसले.' नवव्या दिवशी: 'तोंड आलं. डाव्या गालात दोन.' बाराव्या दिवशीच्या पानावर एवढंच: 'चार वेळा.' त्या रात्री तिचा फोन आला. "डॉक्टर, बंद करू का?"

मी सांगितलं, आणखी दोन दिवस. दोन आठवडे भरले की हवं तर थांबू आणि मिळेल त्यावर दुर्बीण करू. चौदाव्या दिवशी ती म्हणाली, "आता एवढं सोसलंच आहे तर पूर्ण करते. हे परत करायची माझी तयारी नाही." तिची चिडचिड वाढली होती, झोप उडाली होती. नवऱ्याने मला वेगळा फोन करून खडसावलंही. त्याचं चूक होतं असं मला वाटत नाही.

तिला मधल्या काळात मी डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगितली होती. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध त्याला दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच खटकत होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि सगळी मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्याने प्रबंधात हे पद्धतशीर मांडलं: गहू काढा, मूल सुधारतं, गहू द्या, मूल बिघडतं. तोवर केळ्यांचा आहार हा नावाजलेला उपाय होता आणि त्यात गुण केळ्यांचा समजला जाई. खरा गुण गहू ताटात नसण्याचा. "म्हणजे मी पण तोच प्रयोग करतेय, सत्तर वर्षांनी," ती म्हणाली. म्हटलं, हो, फक्त तुमची संमती घेतली आहे.

काचेखाली

सहा आठवड्यांनी टीटीजी-आयजीए ४६. मर्यादा तीच २०. पॉझिटिव्ह, पण दणदणीत म्हणावा असा नाही. इतक्या थोड्या काळात रक्तातला आकडा फार चढत नाही, हे अपेक्षितच होतं; म्हणून तर बायॉप्सी.

दुर्बिणीतून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या भागातल्या घड्यांच्या कडा दातेरी दिसत होत्या, एरवी त्या गुळगुळीत असतात. पण डोळ्यांना दिसलं म्हणून तिथे थांबायचं नसतं, आणि काही दिसलं नाही म्हणूनही नाही. दुसऱ्या भागातून चार तुकडे आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून दोन घेतले. इजा सगळीकडे सारखी नसते. एखाद-दुसराच तुकडा घेतला तर नेमका बरा भाग हाती येऊ शकतो. पूर्वी झालेल्या 'नॉर्मल' बायॉप्सीचे कागद घेऊन लोक येतात तेव्हा मी आधी तुकड्यांची संख्या वाचतो.

पॅथॉलॉजिस्टने मला बोलावून स्लाइड दाखवली. निरोगी अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली हातमोज्याच्या बोटांसारखं दिसतं: लांब, सडसडीत उंचवटे आणि त्यांच्या बुडाशी आखूड खळगे. उंची आणि खोलीचं प्रमाण साधारण तीनास एक. हिच्या स्लाइडवर बोटं ठेंगणी आणि बोथट झाली होती आणि खळगे लांबले होते, दोघांचं माप जवळपास सारखं. वरच्या थरात गडद ठिपक्यांची दाटी, म्हणजे लिम्फोसाइट पेशी, जिथे त्या तुरळक असायला हव्यात. तुकडा तिरका कापला गेला तर चांगलं अस्तरही चपटं दिसू शकतं, म्हणून त्यांनी दोन वेगळ्या काचा तपासून घेतल्या होत्या. रिपोर्ट: मार्श ३ए, म्हणजे अस्तराच्या इजेच्या मार्श प्रतवारीत उंचवटे अर्धवट झिजलेले.

अस्तर चपटं व्हायला सिलिॲकच लागतो असं नाही. जिआर्डिया हा परजीवी, ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचं औषध, आणखीही काही कारणं आहेत. तिची शौचतपासणी स्वच्छ होती, औषध कुठलंच चालू नव्हतं. डीक्यू२, चढलेलं टीटीजी, मार्श ३ए आणि गहू काढल्या-घातल्याबरोबर हलणारी लक्षणं: चारही धागे एकाच गाठीत आले. निदान सिलिॲक.

उलटं निघालं असतं तर

बायॉप्सी निखळ निरोगी आली असती तरी मी तिला 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणणार नव्हतो. त्रास खरा असतो, फक्त गुन्हेगार दुसरा असू शकतो. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सिलिॲक नसलेल्या, पण ग्लुटेन बाधतं म्हणून ते सोडलेल्या ५९ जणांना एकाच चवीच्या तीन प्रकारच्या वड्या आळीपाळीने दिल्या: एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. खाणाऱ्याला काही कळत नव्हतं. सर्वांत जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानच्या वडीने. फ्रुक्टान ही गव्हातलीच एक शर्करासाखळी, कांद्या-लसणातही असते. मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवतात आणि पोट फुगतं. अशा माणसाने महागडं ग्लुटेनमुक्त बिस्किट खाऊन वर कांदा चापला तर त्याचं पोट फुगतच राहणार, आणि तो 'कुठून तरी ग्लुटेन गेलं असेल' म्हणत शोधत बसणार.

पथ्य आणि त्यातल्या फटी

निदान सांगितल्याच्या दिवसापासून गहू, जव आणि राय बंद. आता पहिल्यासारखं ढोबळ बंद नव्हे. आधीच्या पाच महिन्यांतही तिच्याकडून काही निसटत होतंच, हे आहारतज्ज्ञाबरोबर बसल्यावर कळलं. सोया सॉस, ज्यात बहुधा गहू असतो. माल्ट घातलेलं पेय, म्हणजे जव. घरातला सामाईक टोस्टर. आणि मक्याचं पीठ, जे गहू दळला जातो तिथेच दळलं जात होतं. शुद्ध ओट बहुतेकांना चालतात, पण बाजारातल्या साध्या ओटमध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, म्हणून पहिलं वर्ष तेही नको म्हटलं.

पहिले दोन महिने तिची निराशा झाली. पोट अजून अधूनमधून फुगत होतं. ती वैतागून म्हणाली, "मग हेही खोटंच का?" विचारता विचारता दूध निघालं. दुधातली साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्या बोटांच्या टोकांवर असतं. टोकंच झिजली तर दूध काही काळ पचत नाही. आठ आठवडे दूध थांबवलं, मग थोडंथोडं सुरू केलं, आणि ते पचलं. या वेळी लोहाच्या गोळ्या लागू पडल्या: सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.५, फेरिटिन ३१, टीटीजी मर्यादेच्या आत. हाडांची घनता वयाच्या मानाने थोडी कमी निघाली, त्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. प्रौढांचं अस्तर पूर्ण भरून यायला दोनेक वर्षंही लागतात, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

भाऊ

तिच्या आईची तपासणी निगेटिव्ह आली. आईने गहू कधीच सोडला नव्हता, त्यामुळे त्या निगेटिव्हला वजन होतं. धाकट्या भावाने मात्र मला फोन करून सांगितलं, "ताईला एवढा फरक पडलाय ते बघून मी पण उद्यापासून गहू बंद करतोय. मला तसा काही त्रास नाहीये, पण असलेलं बरं."

"उद्यापासून नको," मी म्हटलं. "आधी रक्त."

दुसऱ्या दिवशी तो आला तो सँडविच खातच. ताईने बजावलं होतं म्हणे, रक्त देईपर्यंत एक दिवसही खाडा करायचा नाही. पोटाची तक्रार नाही, वजन चांगलं, हिमोग्लोबिन १३.८. टीटीजी-आयजीए मर्यादेच्या अकरा पट.

मुलांमध्ये आकडा दहा पटींच्या वर गेला आणि दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियल ही सिलिॲकची आणखी एका प्रकारची प्रतिपिंडंही सापडली, तर युरोपीय बालरोगतज्ज्ञांच्या नियमाप्रमाणे बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. हा २९ वर्षांचा. मी बायॉप्सी सुचवली, ती पुढच्या मंगळवारी ठरली.

रिपोर्टचा कागद हातात घेऊन तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आज रात्रीपासून बंद?"

"मंगळवारपर्यंत नाही. आज रात्रीसुद्धा गहूच."

ताई शेजारच्या खुर्चीत होती. तिने पर्समधून आपली जुनी वही काढली आणि मागची कोरी पानं त्याच्यापुढे धरली.